भाच्याला शिकारीसाठी नवं कंपाउंड धनुष्य घ्यायचंय. जुनं इंदूरला आणू द्यावं का?

जेलरोडकर

मंडळी नमस्कार. विषय जरा वेगळा आहे, पण इथे धनुर्विद्येतली जाणकार माणसं आहेत म्हणून धागा काढतोय.

माझा भाचा राजेंद्रनगरात वाढलेला पक्का इंदुरी, आता पेनसिल्व्हेनियात, पिट्सबर्गच्या बाजूला. तिथल्या शेजाऱ्याच्या नादाने धनुष्याने हरणाची शिकार करायला लागलाय. रीतसर परवाना, कोर्स, सगळं करून. (आमच्या आक्काला हे अजून पचलेलं नाही. तिच्याकडे अंडंसुद्धा वेगळ्या भांड्यात उकडतं.) आता त्याला नवं कंपाउंड, म्हणजे टोकांना चाकं (कॅम) असलेलं धनुष्य, घ्यायचंय. दुकानदार एक सांगतो, व्हिडिओवाले दुसरं, आणि जो तो वेगाचे आकडे तोंडावर फेकतो: सेकंदाला ३४० फूट, ३५० फूट. किंमत म्हणाल तर नुसत्या धनुष्याचे हजार डॉलरच्या वर.

दुसरं असं की त्याचं जुनं धनुष्य तो डिसेंबरात येताना घेऊन येतो म्हणतोय. "मामा, चिनूला होईल." चिनू म्हणजे माझी कन्या, वय १५. बर्लिनला २०२३ च्या धनुर्विद्येच्या जागतिक स्पर्धेत कंपाउंडमध्ये साताऱ्याची अदिती स्वामी १७ व्या वर्षी जगज्जेती झाली, ते पाहिल्यापासून तिच्या डोक्यात हेच. तेव्हा भाच्याने काय बघून घ्यावं, आणि ते जुनं आमच्या कामाचं आहे का, एवढं सांगा. भाचा धागा वाचतो, लिहायचा आळस आहे.

खोडसाळ_भिया

शिकारीचं धनुष्य मागवताय आणि राहताय जेल रोडवर. चला, फार लांब जायला नको.

रालामंडळ

विनोद बाजूला ठेवून आधी कायद्याचं बोलू. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे. बंदुकीची बंद आणि धनुष्याची चालते अशी पळवाट त्यात नाही. शिवाय 'शिकार' या व्याख्येत तसा प्रयत्न करणंसुद्धा येतं. म्हणजे जनावर मेलं नाही, बाण चुकला, तरी गुन्हा तो गुन्हाच, आणि वापरलेलं हत्यार नि गाडी दोन्ही जातात. होळकरांची शिकारीची कोठी इंदूरजवळच्या रालामंडळाच्या टेकडीवर अजून उभी आहे, पण आता तिथे आपण पक्षी बघायला जातो. हे बदललं ते बरंच झालं.

जेलरोडकर

रालामंडळ, अहो आमच्या घरात झुरळ मारायचं तरी मिटिंग भरते. इथे फक्त निशाणा, तोही मैदानावर. शिकारीचा भाग सगळा तिकडचा.

मानपूरवाला

विषय निघालाच आहे तर विचारतो. आमचं शेत मानपूरकडे आहे. रोजड्यांनी (नीलगायींनी) हरभरा एका रात्रीत झोपवला. तेवढ्यापुरतीही परवानगी मिळत नाही का?

रालामंडळ

तुमचं दुःख खरं आहे. पण ती वनखात्याची प्रक्रिया आहे. अर्ज करायचा, नुकसानभरपाई मागायची, निर्णय त्यांचा. आपण धनुष्य घेऊन बांधावर बसायचं हा त्यातला पर्याय नाही. २०२५ मध्ये शाजापूरकडे हेलिकॉप्टरने हाकून काळवीट आणि नीलगायी पकडून गांधीसागरला नेऊन सोडल्या, ते वाचलं असेल. त्या वाटेने मागणी लावून धरा. यावर वेगळा धागा काढा, मी येतो.

प्रत्यंचा

जेलरोडकर दादा, मी इथे मुलांना धनुर्विद्या शिकवते, म्हणून चिनूपासून सुरू करते. भाचेबुवांचं नंतर.

कंपाउंडमध्ये सगळ्यात आधी बघायची गोष्ट ड्रॉ लेंग्थ. म्हणजे दोरी पूर्ण ओढल्यावर ती मुठीपासून किती लांब येते ते. रिकर्व्हमध्ये (चाकं नसलेल्या धनुष्यात) तुम्ही थोडं कमी-जास्त ओढू शकता. कंपाउंडमध्ये कॅम ज्या मापाला लावलाय तिथे भिंत येते आणि थांबावंच लागतं. त्यामुळे दुसऱ्याच्या मापाचं कंपाउंड आपल्याला चालवून घेता येत नाही. दोन्ही हात ताणून आडवे धरा, एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंत इंचात मोजा, अडीचने भागा. आलेला आकडा म्हणजे सुरुवातीचं माप. शेवटचं माप माणूस धनुष्य ओढून उभा राहिला की बघून ठरतं, पण या हिशेबाने अर्ध्या-पाऊण इंचाच्या आत येतो आपण.

चिनूचं हे माप कळवा. भाच्याचंही. आणि जुन्या धनुष्याच्या लिंबवर (वाकणाऱ्या पात्यावर) एक चिठ्ठी असते, तिचा फोटो मागवा. त्यावर ड्रॉ लेंग्थ, ड्रॉ वेट (दोरी ओढायला लागणारा जोर), दोरीचं माप लिहिलेलं असतं. त्याआधी काही ठरवू नका.

चिनूचा प्रबळ डोळा कोणता तेही बघा. दोन्ही हातांच्या पंजांचा छोटा त्रिकोण करून त्यातून दूरची एखादी वस्तू बघायची, मग एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याला वस्तू जागेवर दिसते तो प्रबळ. उजव्या हाताने लिहिणाऱ्या काही मुलांचा डावा डोळा प्रबळ निघतो, आणि मग उजवं धनुष्य की डावं हा प्रश्न खरेदीच्या आधी सुटलेला बरा.

जेलरोडकर

चिनू: ६४ इंच, डोळा उजवा. भाचा: ६९ इंच (व्हिडिओ कॉलवर बायकोकडून मोजून घेतलं). चिठ्ठीवर दिसतंय ते असं: ड्रॉ लेंग्थ २९, ड्रॉ वेट ६० ते ७० पाउंड. अॅक्सल टू अॅक्सल (दोन चाकांच्या आसांमधली लांबी) ३१ इंच, असं भाचा म्हणतो.

प्रत्यंचा

मग चिनूपुरता विषय संपला. तिचं माप साडेपंचवीसच्या आसपास, धनुष्य २९ चं. वजन खाली सोडून सोडून ६० पाउंड, म्हणजे २७ किलो. पंधरा वर्षांच्या मुलीच्या खांद्यावर हे देणं म्हणजे तो खांदा वर्षभरासाठी डॉक्टरकडे देणं. आणि स्पर्धेत कंपाउंडला कमाल मर्यादाच ६० पाउंड आहे, म्हणजे ७० च्या लिंबचा तिथेही उपयोग नाही.

पण मला भाचेबुवांच्याच मापाची काळजी वाटते. ६९ भागिले अडीच म्हणजे २७.६. आणि ते २९ च्या धनुष्याने बाण सोडतायत?

पिट्सबर्गी_इंदुरी

लिहायला लावलंत शेवटी. मामा, आक्काला हा धागा दाखवू नका.

ताई, ते धनुष्य मी वापरलेलं घेतलं होतं. पहिला मालक सव्वासहा फुटी. त्यावरच शिकलो. मागे झुकून ओढतो, दोरी गालावरून पार कानाकडे जाते, आणि सोडताना कोपराच्या आतल्या बाजूला फटका बसतो. मला वाटायचं ते असंच असतं.

नव्यासाठी दोन डोळ्यासमोर आहेत. नावं नाही घेत, नाहीतर धागा भरकटेल. एक ३४५ फुटांचं, ब्रेस हाइट (न ओढलेली दोरी ते मूठ) ६ इंच, लांबी २९ इंच. दुसरं ३३० चं, ब्रेस हाइट ७, लांबी ३३. मन पहिल्याकडे ओढतंय.

बडोद्याचा_टर्नर

मी बडोद्याला मशीन शॉपमध्ये आयुष्य घालवलेला माणूस, हौशी धनुर्धर. त्या आकड्याची आधी हवा काढू.

कॅटलॉगमधला वेग हा ठरावीक परिस्थितीतला असतो: ७० पाउंड, ३० इंच ड्रॉ, आणि ३५० ग्रेनचा (ग्रेन हे बाणाच्या वजनाचं माप) हलका बाण. तुझी ड्रॉ साडेसत्तावीस. ढोबळ मानाने इंचामागे १० फूट जातात, म्हणजे २५ गेले. ७० ऐवजी ६० पाउंड ओढलंस तर आणखी १५ ते २०. हरणासाठी ४२० ग्रेनचा बाण घेतलास तर तीन ग्रेनला एक फूट धर, २३ च्या आसपास तेही गेले. तुझं ३४५ आलं २८० च्या आसपास. दुसरं ३३० वालं येईल २६५ ला. ज्या फरकासाठी तू जास्तीचे पैसे मोजणार, तो एवढाच.

आता ताकद बघ. ४२० ग्रेनचा बाण सेकंदाला २७० फुटांनी गेला तर वेगाचा वर्ग गुणिले वजन भागिले ४,५०,२४०, म्हणजे ६८ फूट-पाउंड. पांढऱ्या शेपटीच्या हरणाला याच्या निम्म्यातही काम होतं. तुझ्या राज्याच्या नियमात किमान ड्रॉ वेट ३५ पाउंड आहे ना? मग ७० ची हाव कशाला?

आणि लेट-ऑफचा (पूर्ण ओढल्यावर हातातलं वजन कमी होण्याचा) फायदा विसरू नकोस. कंपाउंडची सगळी गंमत कॅममध्ये आहे. चाकाचं केंद्र मुद्दाम मधोमध नसतं, त्यामुळे ओढताना सुरुवातीला लिंब तुमच्यावर पूर्ण जोर लावतात आणि शेवटी कॅम फिरला की तुमच्या बाजूची तरफ लांब होते, वजन पडतं. ८० टक्के लेट-ऑफ असेल तर ६० पाउंडातले फक्त १२ हातात राहतात. साडेपाच किलो. मिसुरीच्या हॉलेस अॅलन नावाच्या माणसाने हे डोक्यात आणलं, १९६६ ला पेटंट मागितलं, १९६९ ला मिळालं. दोन हजार वर्षांत धनुष्यात एवढा मोठा बदल कुणी केला नव्हता, असं माझं मत आहे. तुर्की धनुष्यवाले भांडायला येतील, येऊ देत.

पिट्सबर्गी_इंदुरी

काका, हिशेब पटला. पण वेग जास्त असला की हरणाला हलायला वेळ मिळत नाही म्हणतात ना?

बडोद्याचा_टर्नर

म्हणतात. करून बघू. ३० यार्ड म्हणजे ९० फूट. २७० च्या वेगाने बाणाला पोहोचायला ०.३३ सेकंद. आवाज सेकंदाला ११२५ फुटांच्या आसपास जातो, म्हणजे दोरीचा 'टण्' हरणाच्या कानात ०.०८ सेकंदाला पोहोचला. मधे पाव सेकंद उरला. त्या पाव सेकंदात हरीण उडी घ्यायला आधी पाय दुमडतं, अंग खाली जातं, आणि बाण पाठीवरून निघून जातो.

आता वेग ३०० कर. वेळ झाली ०.३०. वाचले किती? तीन शतांश सेकंद. एवढ्याने हरीण फसत नाही. आवाजच कमी झाला तर ते दचकतच नाही. म्हणून वेगाऐवजी शांत धनुष्य बघ. जड बाण धनुष्याची जास्त ऊर्जा घेऊन जातो, मागे लिंबमध्ये थरथरायला कमी उरते, म्हणून आवाजही घटतो. दुकानात दुसऱ्या कुणाला सोडायला सांग आणि तू दहा पावलं पुढे, बाजूला, सुरक्षित जागी उभा राहून ऐक. सोडणाऱ्याच्या कानाला वेगळं ऐकू येतं.

प्रत्यंचा

टर्नरकाकांनी माझं काम सोपं केलं. ब्रेस हाइटबद्दल मी सांगते. धनुष्य न ओढता दोरी आणि मूठ यांच्यातलं अंतर ते. ते कमी असलं की दोरी बाणाला जास्त अंतर ढकलते, म्हणून वेग वाढतो. पण बाण दोरीवर जास्त वेळ राहतो, म्हणजे सोडल्यानंतर तुमचा हात हलला तर ती चूक बाणात उतरायला जास्त वेळ मिळतो. ६ इंची धनुष्य सरावलेल्या हाताला ठीक. ७ इंची चुका पोटात घालतं.

लांबीचंही तसंच. २९ इंची धनुष्य पूर्ण ओढलं की दोरीचा कोन फार टोकदार होतो, नाकाला दोरी लावायची सवय असेल तर मान पुढे घालावी लागते. म्हणून मैदानावरची कंपाउंड ३६ ते ४० इंची असतात. झाडावरच्या मचाणात एवढं लांब अडचणीचं होईल हे मान्य, पण ३३ इंची मधला मार्ग आहे.

आणि ओढताना एक खूण बघा. धनुष्य समोर सरळ रोखलेलं असताना हात वर न नेता ओढता आलं पाहिजे. बाण आभाळाकडे करून, मग खाली आणावा लागत असेल तर वजन तुमच्यासाठी जास्त आहे. ७० पाउंडाचं लिंब घेऊन खाली सोडण्यापेक्षा ६० चं लिंब घ्या आणि पूर्ण बसवा.

पिट्सबर्गी_इंदुरी

ही आभाळाची खूण लाख मोलाची. इकडे बसून, तीही जाड जॅकेटमध्ये, नोव्हेंबरच्या थंडीत ओढायचं असतं. दोन तास न हलता बसलं की स्नायू दगड झालेले असतात. दुकानात टी-शर्टमध्ये उभं राहून ७० सहज येतात, झाडावर पहाटे ५५सुद्धा ओढवेनासे होतात. आणि हात वर नेला की हरणाने पाहिलंच.

आणखी एक अडचण. बाही. जाड बाहीला दोरी घासली की बाण कुठे जाईल सांगता येत नाही. ड्रॉ लेंग्थ जास्त असल्यामुळे माझं तेच होत होतं, आता लक्षात येतंय.

रालामंडळ

भाचेबुवा, राग मानू नका. तांत्रिक चर्चा छान चाललीये, पण मला विचारल्याशिवाय राहवत नाही. पोट भरायला दुकानं आहेत. मग मारायचं कशाला?

पिट्सबर्गी_इंदुरी

राग नाही. मीही सुरुवातीला हेच विचारलं होतं. इकडे लांडगे कधीच संपले, हरणं मोकाट वाढतात. रस्त्यावर गाड्यांना धडकतात, नवी झाडं उगवू देत नाहीत. राज्य दर वर्षी माद्यांचे परवाने किती द्यायचे ते मोजून ठरवतं. पहिल्या परवान्याआधी शिकाऱ्याला कोर्स सक्तीचा. पात्याच्या बाणाची कापणारी रुंदी किमान किती हवी (पाऊण इंचाहून थोडी जास्त, ७/८) हेसुद्धा नियमात आहे, जनावर तडफडू नये म्हणून. मारलेलं हरीण आम्ही खातो, उरलेलं गरजूंच्या अन्नछत्राला देता येतं. बंदुकीपेक्षा धनुष्याने जवळ जावं लागतं, बरेचदा हात हलवत घरी येतो. हे सगळं तुम्हाला पटलंच पाहिजे असं नाही. आक्कालाही पटलेलं नाही.

रालामंडळ

पटलं नाही, पण समजलं. एवढं ठीक आहे. मचाणावर बांधायचा पट्टा वापरता ना?

पिट्सबर्गी_इंदुरी

जमिनीवरून पाय उचलल्यापासून परत टेकेपर्यंत. बायकोची अट आहे.

झाबुआ_पोस्टिंग

मंडळी, कॅम आणि लेट-ऑफ वाचून डोकं गरगरलं. बँकेच्या नोकरीत झाबुआला होतो, तिथलं थोडं लिहितो, चालेल ना?

भिल्लांचं धनुष्य जवळून बघितलंय. कांब बांबूची आणि दोरीसुद्धा बांबूचीच! बांबूची पातळ चिरफळी, दोन्ही टोकांना दोऱ्याने करकचून बांधलेली. सूत किंवा ताताची दोरी पावसात ढिली पडते, ही पडत नाही. हाताला लावून बघितली तर पट्टीसारखी चपटी, कडेला गुळगुळीत घासलेली. बाण तर्जनी आणि मधल्या बोटात धरून ओढतात, अंगठा लांब ठेवतात. त्याचं कारण विचारलं की एकलव्याकडे बोट दाखवतात, आणि आपण काय बोलणार. भगोरियाला (होळीआधीच्या आदिवासी बाजार-मेळ्याला) तरुण पोरं सजून येतात तेव्हा खांद्याला तीर-कमान असतेच, तिथे ती शोभेची आणि मानाची. एका म्हाताऱ्याला मी विचारलं, किती पाउंड ओढता? तो म्हणाला, "साहेब, जेवढं येतं तेवढं."

खोडसाळ_भिया

या म्हाताऱ्याला पिट्सबर्गला पाठवा. हजार डॉलर वाचतील.

प्रत्यंचा

झाबुआ_पोस्टिंग, तुमच्या पोस्टवरून चिनूसाठीचं सुचलं. आपल्याकडे इंडियन राउंड म्हणून प्रकार आहे, साध्या बांबू-लाकडाच्या धनुष्याचा, राष्ट्रीय पातळीपर्यंत स्पर्धा होतात. माझ्याकडच्या मुलांची सुरुवात मी त्यानेच करते. पाठीचे स्नायू, उभं राहणं, दोरी एकाच जागी आणणं, हे सगळं त्यात येतं, आणि यंत्राचा आधार नसल्याने चूक लगेच दिसते. तीन-चार महिने तेच. मग कंपाउंड.

तेव्हा वाढत्या वयाच्या मुलांसाठी बनवलेलं, मोठ्या पल्ल्यात बदलता येणारं घ्या. बेअर क्रूझर जी२ हे १२ ते ३० इंच आणि ५ ते ७० पाउंड इतकं बदलतं. डायमंड इन्फिनिट एज प्रो १३ ते ३१ इंच. दोन्ही मूळ शिकारीच्या बाजारातलीच, पण शिकाऊ मुलांना उत्तम. चिनू २५ पाउंडांवर सुरू करेल, वर्ष-दीड वर्षात ४० पर्यंत जाईल, धनुष्य तेच राहील. खरी टार्गेटची लांब धनुष्यं पुढे, चिनू टिकली तर.

पालकांना स्पर्धेची कल्पना असावी म्हणून सांगते. कंपाउंडचं अंतर ५० मीटर, ८० सेंटिमीटरचा चेहरा (गोलांचा कागदी निशाणा), त्यातला दहा गुणांचा गोल फक्त ८ सेंटिमीटरचा. बर्लिनलाच पुरुषांच्या अंतिम सामन्यात नागपूरच्या ओजस देवतळेने १५ च्या १५ बाण त्यात घातले, १५० पैकी १५०. आणि २०२८ ला लॉस एंजेलिसला कंपाउंड मिश्र सांघिक पहिल्यांदाच ऑलिम्पिकमध्ये येतंय. आपल्या मध्य प्रदेशाची तिरंदाजी अकादमी जबलपूरला आहे; तिथलीच मुस्कान किरार २०१८ च्या एशियाडमध्ये कंपाउंड सांघिक रौप्य घेऊन आली. वाट आहे, फक्त भाऊरायांच्या जुन्या २९ इंची धनुष्यावरून ती जात नाही.

जेलरोडकर

ताई, चिनूने हे तीनदा वाचून काढलं. "भाऊरायांचं" म्हणून हसतीये.

मग ते जुनं मी वापरलं तर? माझे हात ७२ इंच. भागिले अडीच, २८.८! वय ५३, खांदे अजून बरे आहेत. वजनही ६० ला सोडता येईल.

खोडसाळ_भिया

आला खरा गिऱ्हाईक बाहेर. चिनूच्या नावावर मामा स्वतःचंच बघत होते.

बडोद्याचा_टर्नर

मामांना हरकत नाही, पण वापरलेलं धनुष्य पारखून घ्या. भाचेबुवा, विमानात टाकायच्या आधी तिकडेच हे कर.

कापसाचा बोळा घे आणि चारी लिंबांच्या कडांवरून, पुढून मागून, हळू फिरव. जिथे कापसाचे तंतू अडकतील तिथे केसाएवढी चीर आहे. डोळ्याला दिसणार नाही, कापूस दाखवतो. तसं लिंब दिसलं की ते धनुष्य भिंतीवर टांगायचं, ओढायचं नाही. मग कॅमच्या कडा नखाने तपास, ओरखडा लागला तर तो दोरी कापतो. दोरी आणि केबल केव्हा बदलल्या? दोन-तीन वर्षं झाली असतील, तंतू पिंजलेले दिसत असतील, तर तिकडेच बदलून आण. कंपाउंडची दोरी हाताने काढता येत नाही, प्रेस लागतो, आणि तो इंदूरच्या सियागंजात कुणाच्या दुकानात पडलेला नसतो. जुगाड करून शिकंज्यात पिळायला जाल तर लिंब तोंडावर येईल.

आणि मामा, घरी आल्यागेल्याच्या हातात देऊ नका. प्रत्येकाला रिकामी दोरी ओढून सोडून बघायची खाज असते. बाणाविना सोडलं की सगळी ऊर्जा लिंब आणि कॅमवर परत जाते. एकाच वेळेला कॅम वाकतो, दोरी निघून येते, लिंब फुटतं. कंपनीची हमीही तिथेच संपते.

पिट्सबर्गी_इंदुरी

दोरी या उन्हाळ्यातच बदललीये. कापसाचं आज रात्री करतो. बाणांची शिकारीची पाती इथेच ठेवीन, साधी टोकं आणीन. धनुष्य आणि बाण चेक-इनच्या सामानात, कडक पेटीत. केबिनमध्ये चालत नाही. विमान कंपनीला आधी लिहून विचारतो.

प्रत्यंचा

दादा, ६० पाउंड तुम्हालाही एकदम नकोत. लिंबच ६०-७० चं असल्यामुळे त्याच्या खाली जाणार नाही, आणि बोल्ट सांगितलेल्या वेढ्यांपेक्षा जास्त सैल केले तर लिंब खाचेतून निसटतं. आधी महिनाभर माझ्याकडच्या ४० पाउंडांवर या. बाण मात्र तुमच्या मापाचे हवेत. भाच्याचे २९ च्या ड्रॉला कापलेले असतील तर लांबी चालेल, पण पाउंडामागे किमान ५ ग्रेन वजन आहे ना बघा. ६० ला ३०० ग्रेनच्या खालचा बाण नको. हलका बाण आणि रिकामी दोरी यांच्यात धनुष्याला फारसा फरक कळत नाही.

पिट्सबर्गी_इंदुरी

अपडेट. काल दुकानात अर्धा दिवस काढला. दोन्ही धनुष्यं २७.५ ला लावून घेतली, ६० पाउंड. ते ३४५ वालं ओढताना शेवटपर्यंत जड राहतं आणि मग एकदम दरीत पडल्यासारखं वजन जातं. जरा हात ढिला पडला की दोरी पुढे खेचून नेते. ३३० वालं हळू चढतं, हळू उतरतं, आणि शेवटची भिंत पक्की लागते. दुकानदार सोडत होता, मी बाजूला उभा राहून ऐकलं. काका, फरक जमीन-अस्मानाचा! जाड जॅकेट घालून खुर्चीवर बसूनही ओढलं. दुकानात सगळे बघत होते.

३३० वालं घेतलं, तेही गेल्या वर्षीचं मॉडेल. हिवाळ्याच्या तोंडावर नवी येतात, जुन्याची किंमत उतरते. वाचलेल्या पैशात बाण, पडणारी रेस्ट (बाणाचा टेकू, सोडताना खाली पडतो) आणि नेमाची साइट आली. कोपराच्या आतला फटका बंद झालाय.

एकच अडचण. बाण सरळ सुटतो का बघायला कागदातून मारून बघितला, भोक गोल आहे पण पिसांची फाट डावीकडे जाते, इंचभर. रेस्ट सरकवू का?

प्रत्यंचा

अभिनंदन! रेस्टला हात लावायच्या आधी मूठ बघा. नवं धनुष्य घट्ट धरायची सवय असते, बोटं आवळली की रायझर (धनुष्याचा मधला दांडा) फिरतो आणि फाट बाजूला जाते. अंगठ्याच्या फुगवट्यावर मूठ टेकवा, बोटं सैल, तसे तीन बाण त्याच कागदातून मारा. तरीही फाट तशीच राहिली तर रेस्ट सरकवा, पण एका वेळी केसभर. त्यानंतरही हटली नाही तर बाणाचा स्पाइन (कडकपणा) तुमच्या वजनाशी जुळत नाही. मग बाणाचं मॉडेल आणि कापलेली लांबी इथे लिहा.

दादा, तुम्ही आणि चिनू शनिवारी सकाळी सातला या. सपाट तळव्याचे बूट, केस बांधलेले, गळ्यात काही नको. उन्हं वर यायच्या आत मोजमाप उरकू.